शाळेतील कॅमेऱ्याचे हरवलेले चित्रण : ते का हरवते व कितपत परत मिळते

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील अनेक शाळांच्या व्हरांड्यांत घंटा, सूचनाफलक व हजेरीपट यांच्या जोडीला निगराणीचा कॅमेरा येऊन बसला आहे. कोठे तो शासकीय निधीतून आला, कोठे ग्रामपंचायतीने दिला, तर कोठे मुंबईकर ग्रामस्थांनी वर्गणी काढून बसविला. तो बसविण्याच्या दिवशी उत्साह असतो. त्यानंतर मात्र, एखादा प्रसंग घडून चित्रण पाहण्याची वेळ येईपर्यंत, त्या यंत्राकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ‘चित्रण मिळत नाही’ असे उत्तर हाती येते.

हे चित्रण का मिळत नाही, ते पुसले गेले असल्यास परत मिळविता येते काय, आणि ते मिळावे म्हणून शाळेने प्रथम काय करावे व काय करू नये, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. ते शिक्षकांनी समजून घेतल्यास पुष्कळशी हानी टळू शकेल.

१. हा विषय शिक्षकांचा का ?

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली व २० ऑगस्ट रोजी तेथे लोकांचा क्षोभ उसळला. २२ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे त्या शाळेतील कॅमेऱ्यांचे मागील १५ दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. कॅमेरे होते, पण हवे ते दिवस नव्हते. ह्या एका वाक्यात सर्व शाळांना पुरेल एवढा धडा आहे.

त्याच सुमारास, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, राज्य शासनाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसंबंधी निर्णय काढला. शाळेच्या परिसरात मोक्याच्या जागी पुरेसे कॅमेरे बसविणे आणि त्यांचे चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा मुख्याध्यापकांनी तपासणे ह्या गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना किमान १५ दिवसांचे चित्रण जपून ठेवण्यास सांगितले. पोलीस ठाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी ह्याहून कितीतरी कडक दंडक घातला आहे : तेथील चित्रण १८ महिने ठेवावे, आणि तशी सोय नसल्यास निदान एक वर्ष तरी ठेवावे, असा तो आहे. कॅमेरा लावणे हे अर्धेच काम होय. चित्रण किती दिवस टिकते हे ठाऊक असणे हे उरलेले अर्धे काम होय, असा ह्या सर्वांचा अर्थ आहे.

२. चित्रण साठते कसे ?

कॅमेरा स्वतः सहसा काहीच साठवीत नाही. तो पाहतो आणि तारेतून चित्रे पाठवितो. ती चित्रे ज्या पेटीत नोंदली जातात तिला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात. ही पेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटावर किंवा कार्यालयाच्या कोपऱ्यात असते. तिच्या आत हार्ड डिस्क असते. गुळगुळीत तबकड्या एका मिनिटाला हजारो फेरे घेत फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपाने चित्र नोंदले जाते.

ह्या तबकडीची जागा मर्यादित आहे. ती किती दिवस पुरते, हे सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल. मध्यम प्रतीचा एक कॅमेरा दर सेकंदास सुमारे २० लक्ष बिट पाठवितो असे धरू. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदास अडीच लक्ष बाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला असता दिवसास २१.६ जीबी येतात. शाळेत चार कॅमेरे असल्यास दिवसास ८६.४ जीबी जागा लागेल. एक टीबीची, म्हणजे १,००० जीबीची डिस्क असल्यास ती साडेअकरा दिवसांत भरेल.

डिस्क भरल्यावर यंत्र थांबत नाही. ते सर्वांत जुन्या दिवसावर नवा दिवस लिहू लागते. घाण्याच्या बैलाप्रमाणे ते त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा फिरते. ह्यात बिघाड काही नाही. यंत्राची रचनाच तशी आहे. एच.२६५ ह्या नावाची नवी संकोचनपद्धती वापरल्यास जागा साधारण निम्मी लागते व तीच डिस्क तेवीस दिवस पुरू शकते. हालचाल झाली तरच नोंद करावी अशी योजना केल्यास मुदत आणखी वाढते. परंतु आपल्याकडे वाऱ्यापावसात माडाच्या झावळ्या अखंड हलत असतात आणि त्या हालचालीनेही नोंद सुरू होते, हे लक्षात ठेवावे.

आता सुट्ट्यांचा विचार करा. गणपतीच्या सुटीत शाळा काही दिवस बंद असते, दिवाळीत त्याहून अधिक आणि उन्हाळ्यात तर महिन्याच्या वर. मेच्या पहिल्या आठवड्यात संगणक-कक्षाचे कुलूप तुटले आणि ते जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर ध्यानात आले, तर साडेअकरा दिवसांच्या डिस्कवर त्या रात्रीचा मागमूसही उरलेला नसतो. चोरी उन्हाळ्यात झाली आणि पुरावा यंत्राने स्वतःच पुसून टाकला, असे होते. म्हणून सुटीतही आठवड्यातून एकदा कोणीतरी शाळेत फेरी मारावी, ह्या जुन्या रीतीला आता नवे कारण मिळाले आहे.

३. ‘मिळत नाही’ म्हणजे नेहमीच ‘नाही’ नव्हे

चित्रण हरवले असे समजून हात टेकण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पुष्कळ वेळा चित्रण जागच्या जागी असते आणि शोधणारा भलत्या ठिकाणी शोधत असतो.

(अ) यंत्राचे घड्याळ. पेटीच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते. कधी काही मिनिटे, तर कधी कित्येक वर्षे. त्यामुळे कालचे चित्रण भलत्याच वर्षाच्या तारखेखाली पडून राहते. यंत्राची वेळ व खरी वेळ ह्यांतील अंतर प्रथम काढावे. उदाहरणार्थ, खरी वेळ ११ वाजताची असताना यंत्र १० वाजून २२ मिनिटे दाखवीत असेल, तर ते ३८ मिनिटे मागे आहे. मग दुपारी सव्वातीनचा प्रसंग यंत्रात २ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास शोधावा. हे अंतर काढताना घड्याळ दुरुस्त करू नये. आधी दोन्ही वेळांची लेखी नोंद करावी, कारण पुढे तपासणाऱ्यास तीच नोंद उपयोगी पडते.

(आ) वापरकर्त्याचा अधिकार. काही यंत्रांत साध्या पासवर्डाने चालू दृश्य दिसते, पण मागचे चित्रण दिसत नाही. मुख्य पासवर्ड बसविणाऱ्याकडेच राहिलेला असतो.

(इ) कॅमेऱ्याचा क्रमांक. व्हरांड्याचा म्हणून आपण जो कॅमेरा पाहतो तो पेटीत दुसऱ्याच क्रमांकावर जोडलेला असू शकतो. सर्व क्रमांक तपासावेत.

(ई) दुसरी जागा. काही बिनतारी कॅमेऱ्यांच्या पोटात मेमरी कार्ड असते, काहींचे चित्रण कंपनीच्या दूरच्या साठवणुकीत जाते. तेथील मुदत वर्गणीवर अवलंबून असते व ती संपल्यावर कंपनी ते काढून टाकते. म्हणून तेथे तातडीने पाहावे.

(उ) मृत डिस्क. पेटीवर दिवा लागलेला असतो, पडद्यावर दृश्यही दिसते. परंतु आतील डिस्क कित्येक महिन्यांपूर्वी निकामी झालेली असते आणि नोंद काहीच होत नसते. डिस्क बिघडली की यंत्र शिटी वाजविते. ती कर्कश वाटल्याने कोणीतरी बंद केलेली असते. ह्या प्रकारात परत मिळविण्यासारखे काही नसतेच.

ह्या पाच गोष्टींपैकी एकही लागू पडत नसेल तरच चित्रण पुसले गेले किंवा त्यावर नवे लिहिले गेले, असे मानावे. ह्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

४. पुसणे आणि वर लिहिणे

शाळेचे जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. एखाद्या मुलाचे नाव त्यातून कमी केले म्हणून तो मूल गावातून नाहीसा होत नाही. आपल्या पटावरून तेवढा जातो. यंत्रात पुसण्याची क्रिया बहुशः अशीच असते. डिस्कवर एक अनुक्रमणिका असते. अमुक दिवसाचे, अमुक कॅमेऱ्याचे चित्रण अमुक जागी आहे, असे तीत नोंदलेले असते. चित्रण पुसण्याची आज्ञा दिली असता यंत्र अनुक्रमणिकेतील नोंद काढते व ती जागा रिकामी असल्याचे समजते. चित्रांच्या खुणा तबकडीवर तशाच राहतात. डिस्क ‘फॉरमॅट’ केली तरी अनेक यंत्रांत केवळ अनुक्रमणिकाच नवी होते. अशा स्थितीत चित्रण परत मिळण्याची आशा चांगली असते.

वर लिहिणे ही गोष्ट निराळी. ओली पाटी पुसून तीवर नवीन गणित मांडल्यावर जुने गणित कोणीही वाचू शकत नाही. आधुनिक हार्ड डिस्कवर ज्या जागी एकदा नवी नोंद झाली तेथील जुनी नोंद प्रयोगशाळेतही परत मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत चुंबकीय डिस्कवरील माहिती नष्ट करण्यास एकदा वर लिहिणे सामान्यतः पुरेसे मानले आहे, त्याचे कारण हेच. तेव्हा ‘कितीही जुने चित्रण काढून देतो’ असे कोणी म्हणाल्यास त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मेमरी कार्ड व चुंबकीय तबकडी नसलेल्या नव्या डिस्का ह्यांचा आणखी एक विशेष आहे. त्यांतील कित्येक, पुसलेली जागा फावल्या वेळात आपण होऊन साफ करतात. त्यामुळे तेथे आशा कमी व वेळही थोडा असतो.

ह्यावरून एक मुख्य नियम निघतो. चित्रण पुसले गेले आहे असे कळताच नोंद थांबविणे हा पहिला उपाय होय. यंत्र चालू राहिले तर ‘रिकाम्या’ समजलेल्या जागेवर नव्या दिवसाची चित्रे पडू लागतात आणि दर तासागणिक आशा कमी होत जाते. काल पुसलेले चित्रण आज मिळू शकते. महिनाभर यंत्र चालू ठेवल्यानंतर तेच मिळणे बहुधा अशक्य होते.

५. तज्ज्ञ काय करतात ?

प्रयोगशाळेत मूळ डिस्कवर काम करीत नाहीत. प्रथम ती अशा साधनाला जोडतात की ज्यातून वाचता येते पण लिहिता येत नाही. मग तिची कणाकणाने हुबेहूब प्रत काढतात व मूळ डिस्क मोहोरबंद ठेवतात. प्रत खरोखर तंतोतंत आहे हे पाहण्यासाठी दोहोंचे ‘हॅश मूल्य’ काढतात. हे मूल्य म्हणजे त्या माहितीच्या अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ ह्या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. कोट्यवधी बाइटांपैकी एक जरी बदलला तरी सबंध ठसा बदलून जातो.

त्यानंतर शोध सुरू होतो. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांतील साठवणुकीची मांडणी घरच्या संगणकाहून वेगळी असते. म्हणून अशी डिस्क काढून साध्या संगणकाला जोडल्यास तो ती ओळखत नाही व ‘फॉरमॅट करू काय ?’ असे विचारतो. भाबडेपणाने ‘होय’ म्हटल्यास असलेलेही जाते. तज्ज्ञ अनुक्रमणिकेवर विसंबत नाहीत. प्रत्येक चित्रखंडाच्या आरंभी ठराविक खुणा असतात. त्या खुणा सबंध डिस्कवर शोधून ते खंड वेचून काढतात व काळानुक्रमे जोडतात.

हे काम नेहमी पूर्ण यशस्वी का होत नाही, ह्याचेही कारण आहे. जागा वाचविण्यासाठी यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण नोंदवीत नाही. सेकंद-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र घेते आणि मधल्या काळात आधीच्या चित्राहून काय बदलले एवढेच टिपते. पूर्ण चित्रावर नवे लिहिले गेले असल्यास त्यामागची टिपणे हाती लागूनही निरुपयोगी ठरतात. ज्या वहीतील मूळ उतारा फाटला आहे तिच्यातील केवळ दुरुस्त्या वाचून उतारा समजत नाही, तसेच हे. म्हणून परत मिळालेले चित्रण तुटक असू शकते. तुटक असले तरी त्यातील चार सेकंदही एखाद्या प्रश्नाचा निर्णय लावू शकतात.

फौजदारी प्रकरणांत हे काम पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. राज्याच्या ह्या प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईस कलिना येथे आहे. शाळेने अशा प्रकरणात परस्पर कोणा दुकानदाराकडे डिस्क देऊ नये. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारा तरुण कितीही हुशार व सद्हेतूचा असला, तरी त्याने त्याच डिस्कवर एखादी प्रणाली चालविली की तेवढ्याने पुराव्यावर नवे लिहिले जाते आणि डिस्क कोणाकोणाच्या हातांतून गेली हा प्रश्न न्यायालयात उभा राहतो.

६. कोकणातील विशेष अडचणी

ह्या यंत्राला आपली हवा मानवत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्याने तारांची टोके गंजतात, पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो, आणि विजा कडाडतात तेव्हा लांब तारांतून धक्का थेट पेटीपर्यंत येतो. वीज एकाएकी गेली असता त्या क्षणी लिहिला जात असलेला खंड अपुरा राहतो व यादीत दिसत नाही. तोही बहुधा तबकडीवर असतो व तज्ज्ञांना सापडू शकतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांत कित्येक गावे दीर्घ काळ अंधारात होती, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा काळात यंत्रावर विसंबता येत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा घरे, दुकाने व कार्यालये ह्यांतील अगणित वस्तू चिखलात गेल्या. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क निकामी झालीच असे समजू नये. पाण्याने तबकडीवरील चुंबकीय खुणा पुसल्या जात नाहीत. अपाय करतात ते गाळ, क्षार व गंज. तबकडी आणि तिच्यावरून फिरणारा वाचक-भाग ह्यांत केसाच्या जाडीच्या कित्येक हजारांश एवढेच अंतर असते. गाळाचा कण अडकला असताना वीज दिली तर तबकडी खरवडली जाते व मग काहीच उरत नाही. म्हणून भिजलेल्या पेटीला वीज देऊन पाहू नये, डिस्क उघडू नये, उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये. वाळल्यावर गाळ आत घट्ट चिकटतो. ती ओलसर स्थितीतच हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे लवकर पोहोचवावी.

७. न्यायालयापुढे चित्रण

चित्रण मिळाले म्हणजे ते ग्राह्य झाले असे नाही. ह्या बाबतीतला देशभर प्रमाण मानला जाणारा निर्णय आपल्या महाराष्ट्रातील आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची वेळ २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ ही होती. अर्ज त्यानंतर दाखल झाला काय, असा वाद उत्पन्न झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातील मुख्य पुरावा होता. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, परंतु कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मागणी करूनही मिळाले नाही. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल ह्या खटल्यात, अपील फेटाळले. चित्रणाची प्रत सादर करावयाची असल्यास प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणून सिद्ध केले तर ते लागत नाही. आणि सर्व प्रयत्न करूनही संबंधितांनी ते दिले नाही तर त्याचा दोष मागणाऱ्यावर येत नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमानुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावयाचे असते. पहिल्या भागावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. त्यात यंत्राचा प्रकार, अनुक्रमांक व हॅश मूल्य नोंदावे लागते. शाळेचे यंत्र मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते. तेव्हा सही करण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते, हे जाणून यंत्राची पावती व अनुक्रमांक जपून ठेवावा.

चित्रण सादर न केल्याने काय होते, ह्याचे उदाहरण वाराणसीच्या खटल्यात आहे. तेथील एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या प्रकरणी दोन इटालियन नागरिकांना शिक्षा झाली होती. हॉटेलात कॅमेरे असूनही त्यांचे चित्रण न्यायालयापुढे आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१५ रोजी ह्या उणिवेवर बोट ठेवून त्यांना मुक्त केले. चित्रण हे जसे अपराध्यास पकडते, तसेच निरपराध्याचे रक्षणही करते. खोटा आळ आलेल्या शिक्षकाला किंवा शिपायाला त्याचाच आधार असतो, हे विसरू नये.

जाणूनबुजून चित्रण पुसणे हा स्वतंत्र अपराध आहे. भारतीय न्याय संहितेच्या २३८ व २४१ ह्या कलमांत पुरावा नाहीसा करणे व विद्युत-नोंद नष्ट करणे ह्यांबद्दल शिक्षा सांगितली आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ह्या भीतीने कोणी तसे सुचविल्यास मुख्याध्यापकांनी ते ठामपणे नाकारावे.

८. प्रसंग घडल्यावर पहिल्या तासात

(१) बालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यास प्रथम बालकाकडे लक्ष द्यावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ ह्याच्या १९ व्या कलमान्वये अशा गोष्टीची माहिती किंवा शंका आल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आधी चित्रण पाहू व मग कळवू, असे म्हणून थांबू नये. चित्रण नसले तरी बालकाचे म्हणणे असतेच. साहाय्यासाठी १०९८ व ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

(२) खरी वेळ व यंत्राची वेळ लिहून ठेवावी. कोण उपस्थित होते तेही लिहावे.

(३) चित्रण यंत्रात दिसत असल्यास ते कुलूपबंद करण्याची सोय असते ती वापरावी आणि प्रसंगाच्या आधीचा व नंतरचा एकेक तास धरून त्याच्या दोन प्रती नव्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. पडद्यापुढे मोबाइल धरून काढलेले चित्रण ही खरी प्रत नव्हे.

(४) चित्रण दिसत नसल्यास किंवा पुसल्याची शंका असल्यास यंत्र त्याच्या सूचीतून रीतसर बंद करावे. फॉरमॅट करू नये, प्रणाली नवी करू नये, डिस्क संगणकाला जोडू नये. शाळेची निगराणी खंडित होऊ नये म्हणून दुसरी डिस्क बसवून घ्यावी व जुनी काढून ठेवावी.

(५) डिस्क किंवा प्रत लिफाफ्यात घालून, त्यावर तारीख, वेळ व दोघांच्या सह्या करून कुलपात ठेवावी. ती कोणाला, केव्हा व कोणत्या पत्रान्वये दिली ते नोंदवहीत लिहावे व पोच घ्यावी.

(६) पोलीस ठाणे व गटशिक्षणाधिकारी ह्यांना लेखी कळविताना ‘आमचे चित्रण अमुक दिवसच टिकते’ हे वाक्य अवश्य घालावे. तपासणाऱ्यास घाई का करावी हे त्यावरून कळते.

(७) चित्रण कोणत्याही समूहावर पाठवू नये. बालकाची ओळख उघड करणे हा वरील अधिनियमाच्या २३ व्या कलमाने अपराध आहे. शिवाय लहान गावात पाठमोऱ्या आकृतीवरूनही मूल ओळखले जाते.

९. हरवूच नये म्हणून

परत मिळविण्यापेक्षा न हरवणे केव्हाही सोपे. महिन्यातून एकदा, पगारपत्रकाच्या दिवशी म्हणा, दहा मिनिटे काढून पुढील तपासणी करावी : घड्याळ बरोबर आहे काय, सर्वांत जुना दिवस कोणता दिसतो, प्रत्येक कॅमेऱ्याचे कालचे दोन मिनिटांचे चित्रण चालते काय, भिंगावर बुरशी किंवा कोळिष्टक आहे काय. उत्तरे नोंदवहीत लिहावीत. वरच्या हिशोबाप्रमाणे चार कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण ठेवण्यास सुमारे २,६०० जीबी जागा लागते. म्हणून नवी डिस्क घेताना तीन टीबीहून कमी घेऊ नये व ती निगराणीसाठी अखंड चालण्याजोगी असावी. वीज जाताच पेटी रीतसर बंद करण्याइतका वेळ देणारे बॅटरीचे साधन जोडावे. मुख्य पासवर्ड मुख्याध्यापक व आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे असावा, आणि बदली झाल्यावर कार्यभाराच्या यादीत त्याचा समावेश करून तो बदलावा. शौचालयाच्या आत किंवा मुली कपडे बदलतात अशा जागी कॅमेरा कदापि असू नये.

वरच्या वर्गांत हा विषय पाठ म्हणूनही घेता येईल. आपल्या शाळेची डिस्क किती दिवस पुरते हे मुलांकडून काढून घ्यावे. वहीची अनुक्रमणिका खोडून पाने तशीच ठेवली तर धडा सापडतो काय, आणि पानावरच दुसरे लिहिले तर सापडतो काय, हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. त्यातून मुलांना मोबाइलवरील चित्रे पुसली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे, हेही कळेल. आज त्यांना त्या ज्ञानाची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे.

कॅमेरा शिक्षकाच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. मूल गप्प गप्प का आहे, शाळेत येण्यास का रडते, हे कोणत्याही डिस्कवर नोंदले जात नाही. ते शिक्षकालाच पाहावे लागते. परंतु त्या मुलाच्या म्हणण्याला आधार देण्याची वेळ येईल तेव्हा यंत्राने साथ द्यावी, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे. पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या यंत्रातील सर्वांत जुना दिवस कोणता, हे पाहून ठेवावे आणि परिषदेत सांगावे, अशी विनंती आहे.